‘थांबा, डिटॉक्स होतंय’: नैसर्गिक डिओच्या नावाखाली झालेली फसवणूक

लावल्यावर वास वाढला तर समजायचं, गुण येतोय. काखेची आग झाली तर समजायचं, शरीरातलं विष बाहेर पडतंय. आणि काहीच फरक पडला नाही तर समजायचं, त्वचा अजून ‘तयार’ झालेली नाही. नैसर्गिक, क्रुएल्टी-फ्री (म्हणजे प्राण्यांवर चाचणी न केलेलं) डिओडरंट म्हणून मला जी वस्तू विकली गेली, तिच्यासोबत आलेल्या माहितीपत्रकाचा सारांश एवढाच. काहीही झालं तरी कंपनी खोटी ठरत नाही आणि तेवढ्यात पैसे परत मागायची मुदत उलटून जाते. कंपनीचं नाव इथे देत नाही. पद्धत सांगते, कारण नावं बदलत राहतात.

मी पनवेलला फिजिओथेरपिस्ट आहे. दिवसभर पेशंटचे खांदे उचलायचे, डोक्याशी उभं राहून त्यांची आखडलेली मान सोडवायची. माझी काख आणि समोरच्याचं नाक यांत जेमतेम वीतभर अंतर. त्यात मे महिन्यातली इथली दमट हवा. म्हणजे डिओ ही माझ्यासाठी चैन नाही, कामाची गरज आहे. वर्षानुवर्षं औषधाच्या दुकानातला साधा रोल-ऑन चालत होता. मग नात्यातल्या एका काकूंना स्तनाचा कर्करोग झाला आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘डिओतल्या ॲल्युमिनियम’चे मेसेज फिरायला लागले. त्याच सुमारास लेकीने सशांच्या डोळ्यांत रसायनं घालून केलेल्या चाचण्यांबद्दल वाचलं आणि घरातली प्रत्येक बाटली उलटीपालटी करून बघायला सुरुवात केली. ड्रेझ चाचणी म्हणतात ती हीच. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनातल्या (एफडीए) जॉन ड्रेझ यांनी १९४४ साली ती मांडली.

अशा वेळी मोबाइलवर जाहिरात आली. अर्ध्या मिनिटात आधी गुलाबी रिबन (स्तनाच्या कर्करोगाविषयीच्या जागृतीचं चिन्ह), मग ससा, मग पांढऱ्या कोटातली एक बाई. आता सांगते, ॲल्युमिनियमच्या क्षारांमुळे स्तनाचा कर्करोग होतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटही तेच सांगते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारून वापरा, अशी सूचना तिकडे घाम रोखणाऱ्या उत्पादनांवर असते, ती वेगळी गोष्ट. जाहिरातीत कर्करोग हा शब्द कुठेही नव्हता. नुसती रिबन होती. पुढे तक्रार करताना कळलं की हे किती हुशारीने केलेलं असतं: दावाच केलेला नाही, तर खोडून काय काढणार?

तीन स्टिकचा कॉम्बो १,२९९ रुपयांना, वर ‘४९९ रुपयांचा हिमालयन मिनरल क्रिस्टल’ मोफत. बाजूला घड्याळ उलटं धावत होतं, ऑफर संपायला अमुक मिनिटं. पान बंद करून पुन्हा उघडलं की ते घड्याळ पहिल्यापासून सुरू. खोटी घाई लावण्याच्या या प्रकाराला केंद्र सरकारच्या २०२३ च्या ‘डार्क पॅटर्न’ (ऑनलाइन ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या क्लृप्त्या) मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट मनाई आहे.

पार्सल यायला आठवडा लागला. खोक्याच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग. आत स्टिक नव्हतीच, नळीत दाट तेल हलत होतं. खोबरेल २४-२५ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात पुरेसं मेण घातलं नाही तर कोकणातल्या उन्हाळ्यात त्याची ‘स्टिक’ राहणार कशी? साइटवर मात्र ती एका हिरव्या पानावर ताठ उभी होती.

मग मी घटकांची यादी वाचली. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनांच्या वेष्टणावर घटक छापावे लागतात आणि एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. साइटवरच्या यादीत वास आवरणारं झिंक रिसिनोलिएट आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड होतं. हातातल्या नळीवर खोबरेल, मक्याचं पीठ, सोडियम बायकार्बोनेट, सेरा अल्बा आणि परफ्यूम. म्हणजे किराणा दुकानातलं खोबरेल, कॉर्नफ्लॉवर आणि खायचा सोडा. सेरा अल्बा म्हणजे मधमाशीचं मेण, आणि नळीवर पुढच्या बाजूला ठळक अक्षरात ‘१०० टक्के व्हीगन’! प्राण्यांवर चाचणी न करणं आणि प्राण्यांपासून मिळालेला घटक न वापरणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विकणारे त्या मुद्दाम एकात मिसळतात.

सशाचं चित्रही होतं. लेकीने लीपिंग बनी या क्रुएल्टी-फ्री शिक्का देणाऱ्या योजनेच्या यादीत नाव शोधलं (ही यादी कुणालाही नेटवर बघता येते), सापडलं नाही. पेटा या प्राणिहक्क संस्थेच्या यादीतही नाही. कंपनीला विचारलं तर उत्तर आलं, ‘मॅम, हे आमचं इन-हाऊस सर्टिफिकेशन आहे.’ म्हणजे ससा त्यांनीच काढला आणि त्यांनीच प्रमाणित केला. यात आणखी एक गंमत आहे. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवर चाचणी करायला २०१४ पासून बंदी आहे आणि अशी चाचणी केलेला माल आयात करायलाही त्याच वर्षी बंदी आली. त्यामुळे इथे बनलेला दहा रुपयांचा साबणही याच कायद्याखाली येतो. जे कायद्यानेच करायचं आहे, त्याचे वेगळे पैसे आपल्याकडून घेतले जातात. खऱ्या शिक्क्याला अर्थ आहे, कारण लीपिंग बनीसारखी योजना कच्चा माल पुरवणाऱ्यांपर्यंत मागे जाऊन विचारते. पण तो शिक्का त्यांच्या यादीत सापडला पाहिजे. प्रसाधनांतल्या प्राणिजन्य घटकांबद्दल आपल्या पुण्यातली ब्यूटी विदाउट क्रुएल्टी ही संस्था १९७४ पासून बोलते आहे. लेक आता त्यांचं साहित्य वाचते आणि मला परीक्षेला बसवते.

मोफत क्रिस्टलची गोष्ट तर ऐकाच. पांढरट, गुळगुळीत, अंड्याच्या आकाराचा खडा. डबीवर ‘ॲल्युमिनियम-फ्री’. बेसिनपाशी ठेवला होता. सासऱ्यांनी दाढी केली, सवयीने तो उचलला, पाण्यात बुडवून गालावर फिरवला आणि आतूनच हाक मारली, ‘‘अगं, ही तुरटी इतक्या नटव्या डबीत कुणी दिली?’’ डबीच्या तळाला बारीक अक्षरात होतं, पोटॅशियम ॲलम. तुरटी म्हणजे पोटॅशियम ॲल्युमिनियम सल्फेट. रासायनिक नावातच ॲल्युमिनियम आहे आणि झाकणावर ॲल्युमिनियम-फ्री! कटिंग सलूनमध्ये दाढीनंतर फिरवतात तोच खडा, काष्ठौषधीच्या दुकानात किरकोळ पैशांत मिळतो. त्या अख्ख्या पार्सलमध्ये वासावर खरोखर लागू पडलेली वस्तू तेवढी एकच.

आता मूळ युक्ती. डिओ लावून क्लिनिकला गेले की दुपारपर्यंत ठीक, नंतर आंबूस वास. ‘स्किन कोच’ म्हणून एक मुलगी व्हॉट्सॲपवर होती. तिने लिहिलं, ‘ताई, तुमच्या काखेत इतक्या वर्षांचं केमिकल साठलंय, ते निघतंय. चार आठवड्यांचा डिटॉक्स पूर्ण करा.’ मी शरीरशास्त्र शिकले आहे. तिला विचारलं, कुठल्या ग्रंथीतून? उत्तर म्हणून तेच वाक्य पुन्हा आलं, पुढे एक हिरवं पान.

काखेत दोन प्रकारच्या घामग्रंथी असतात. एकीतून येणारा घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ. दुसरी, अपोक्राइन, वयात आल्यावर कामाला लागते. तिच्या स्रावात चरबी आणि प्रथिनं असतात. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. कातडीवरचे कॉरिनेबॅक्टेरियम, स्टॅफिलोकोकस होमिनिस असे जिवाणू तो स्राव मोडतात, तेव्हा वास येतो. रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार ग्रंथींची तोंडं तात्पुरती बुजवतात. वापर थांबवला की ती मोकळी होतात आणि घाम पूर्ववत येतो, म्हणून सुरुवातीचे काही दिवस ओल जास्त जाणवू शकते. या एवढ्याशा खऱ्या गोष्टीवर ‘साठलेल्या विषा’चा इमला रचलेला आहे. शरीरातली नको असलेली द्रव्यं बाहेर टाकायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात, काख नाही.

पुढे लाल चट्टे उठले. खायच्या सोड्याचं पाणी अल्कधर्मी, पीएच आठच्या वर. आपली त्वचा आम्लधर्मी, साधारण साडेचार ते साडेपाच. घामट, घासल्या जाणाऱ्या जागी रोज सोडा चोळला तर सगळ्यांनाच नाही, पण अनेकांना आग होते. त्वचारोगतज्ज्ञांनी यादी वाचली, सोड्यावर बोट ठेवलं आणि ते लावणं बंद करायला सांगितलं. कोचबाईंचं म्हणणं मात्र, ‘ताई, रॅश म्हणजे विष वर आलं. आता सोडलंत तर सगळं वाया.’ दुखणाऱ्या जागेवर तेच औषध आणखी चोळा, असं सांगायला काय काळीज लागतं!

परताव्याचा हिशोब बघा. हमी ३० दिवसांची, पण ऑर्डर केल्याच्या तारखेपासून. डिटॉक्स चार आठवड्यांचा, म्हणजे २८ दिवस. पार्सलचा आठवडा त्यात मिळवला की मुदत संपलेली. वर अट अशी, की पार्सल उघडतानाचा सलग व्हिडिओ हवा. ही अट खाली राखाडी अक्षरात होती. आणि ‘स्मार्ट रिफिल’ असा एक चौकोन आधीपासून टिक करून ठेवलेला. त्यातून यूपीआयवर ऑटोपे चालू झालं. पैसे कापण्याच्या २४ तास आधी बँकेने कळवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. तो मेसेज जाहिरातींच्या ढिगात गेला आणि पुढचा हप्ता कापला गेला. यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेचं पान उघडून परवानगी तिथेच रद्द करता येते, कंपनीची विनवणी करावी लागत नाही. आणि चौकोन आधीपासून टिक करून ठेवायलाच २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी मनाई आहे. तक्रारीत मी हेच वाक्य पहिलं लिहिलं.

तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केली, १९१५. त्याच ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची असते आणि महिन्याभरात ती सोडवायची असते. इतके दिवस हिरवी पानं पाठवणारे लोक एकदम ‘आदरणीय ग्राहक’ म्हणायला लागले. रिफिलचे पैसे परत आले. कॉम्बोचे नाहीत, तिथे मुदतीचं कारण पुढे केलं. नळीवर ‘एम. एल. नं.’ छापून पुढची जागा कोरी होती. हा उत्पादन परवान्याचा क्रमांक. परवाना राज्याचं अन्न व औषध प्रशासन देतं, म्हणून दुसरी तक्रार तिथे. ‘नॅचरल’, ‘क्रुएल्टी-फ्री’ असे मोघम शब्द पुराव्याशिवाय आणि खुलाशाशिवाय वापरू नयेत, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ च्या ग्रीनवॉशिंगविषयक (पर्यावरणपूरक असल्याचा खोटा आव आणण्याविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांत म्हटलंय, तेही जोडलं.

या सगळ्यावरून नैसर्गिक डिओच नको, असं म्हणत नाही. काही चांगले आहेत. झिंक रिसिनोलिएट एरंडेलापासून बनतं आणि वासाचे रेणू धरून ठेवतं. मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड सोड्यापेक्षा बहुतेकांना सौम्य पडतं. ट्रायएथिल सायट्रेट, किंवा मँडेलिक, लॅक्टिक अशी सौम्य आम्लं कातडी आम्लधर्मी ठेवतात, तिथे जिवाणूंचं फारसं फावत नाही. ती नुकत्याच वॅक्स केलेल्या काखेवर लावू नका, भयंकर चुरचुरतं. यांतलं एखादं नाव यादीत वरच्या भागात आहे का, तेवढं बघा. शेवटी परफ्यूमच्या जवळ नावापुरतं असेल तर ते शोभेला. आणि यांतला एकही घटक घाम थांबवत नाही, फक्त वास आवरतो. ‘ॲल्युमिनियम नाही आणि घामही येणार नाही’ असं एकाच वाक्यात कुणी म्हणालं, की पुढचं वाचू नका. ॲल्युमिनियमची हरकत नसेल तर ओली तुरटी उत्तम. सासरे आता त्या नटव्या डबीतलीच वापरतात.

गेल्या महिन्यात तीच वस्तू दुसऱ्या नावाने लेकीच्या मोबाइलवर आली. रंग बदललेला, पण कस्टमर केअरचा नंबर तोच. हमी आता ४५ दिवसांची केली आहे, आणि ‘संवेदनशील त्वचेसाठी’ डिटॉक्स आठ आठवड्यांचा. स्क्रीनशॉट काढून तो दोन्ही तक्रारींना जोडला. तुमच्याकडे असं पार्सल आलं असेल तर खोकं आणि नळी फेकू नका. बॅच नंबर, परवान्याची जागा, घटकांची यादी आणि त्या दिवशीच्या साइटवरच्या यादीचे फोटो लगेच काढून ठेवा. तक्रार केल्यावर साइटवरची यादी बदलली गेली, आणि माझ्याकडे जुनीचा फोटो होता म्हणूनच पुढे बोलता आलं.