सांगलीत बसून हॉटेलचं क्रेडिट कार्ड: मॅरियट बॉनवॉय एचडीएफसी कार्ड वर्षभर वापरल्यानंतरचा हिशेब

मॅरियट ही हॉटेलांची साखळी, बॉनवॉय ही तिची पॉइंट देणारी सदस्य योजना, आणि हे तिचं एचडीएफसी बँकेसोबतचं कार्ड. ते घ्यायचं की नाही हे ठरवताना लोक आधी पॉइंटचा हिशेब मांडतात. माझ्या मते सुरुवात फीपासून करावी. वार्षिक फी ३,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे खिशातून जातात ३,५४०. कितीही खर्च केला तरी ही फी माफ होत नाही. बदल्यात पहिल्या वर्षी एक आणि पुढे दरवर्षी फी भरल्यावर एक 'फ्री नाइट अवॉर्ड' मिळतो, म्हणजे ज्या खोलीचा त्या दिवशीचा भाव १५,००० पॉइंटपर्यंत आहे तिथे एक रात्र. थोडक्यात, तुम्ही दरवर्षी ३,५४० रुपयांना हॉटेलातली एक रात्र आगाऊ विकत घेता. पॉइंट, बॉनवॉय सदस्यत्वाचा सिल्व्हर दर्जा, विमानतळावरचं लाउंज हे सगळं त्यानंतरचं. ती एक रात्र वापरली जाणार असेल तर कार्ड परवडतं. नसेल, तर बाकीच्या सवलती मिळूनही फी सहसा भरून निघत नाही.

मग या रात्रीची किंमत धरायची किती? मॅरियटच्या ॲपवर तारीख टाकली की पैशांचा भाव आणि पॉइंटचा भाव दोन्ही दिसतात. पैशांच्या भावात कर धरायला विसरू नका, कारण पॉइंटवर घेतलेल्या खोलीला तो लागत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के आणि त्यावरच्या खोलीला १८ टक्के जीएसटी आहे. त्यामुळे ७,५०० ची खोली ७,८७५ ला पडते आणि ७,६०० ची थेट ८,९६८ ला. १५,००० पॉइंटच्या दोन खोल्या घ्या. एकीचा भाव ९,००० असेल तर करासह १०,६२० होतात, म्हणजे पॉइंटमागे जवळपास ७१ पैसे. दुसरीचा ७,००० असेल तर ७,३५०, म्हणजे ४९ पैसे. दर मागणीप्रमाणे रोज हलतात, म्हणून मी सरासरी ६० पैसे धरतो.

पण अवॉर्डसाठी हा भाव लावणं मला पटत नाही. ॲपवर १०,६२० दिसतात म्हणून तेवढे वाचले असं होत नाही. एरवी त्या रात्रीसाठी तुम्ही खिशातून किती काढले असते, तेवढीच तिची किंमत. आपल्याकडची बरीच कुटुंबं साध्या स्वच्छ हॉटेलला जेवढे देतात ते बघता मी अवॉर्डला ६,००० च्या वर धरत नाही. खालचे सगळे आकडे याच हिशेबाने आहेत.

आता ही रात्र वापरायची कुठे? सातारा जिल्ह्यात मॅरियटचं ल मेरिडियन महाबळेश्वर आहे, पण साताऱ्याचा माणूस महाबळेश्वरला सकाळी जातो आणि संध्याकाळी घरी परत येतो, त्याला तिथे मुक्काम करायचं कारण पडत नाही. सांगलीकराला पडतं, पण मे महिना, दिवाळीची सुट्टी, डिसेंबरअखेर या दिवसांत १५,००० च्या आत काही मिळेल ही आशा सोडून द्या. पावसाळ्यात खोल्या मिळतात, मात्र तेव्हा पैशांचे भावही उतरलेले असतात. अवॉर्ड तिथे घालवण्यापेक्षा रोख पैसे देऊन राहिलेलं बरं.

आपल्या भागासाठी खरा उपयोग पुण्या-मुंबईत, तोही कामाच्या दिवशी. पहाटेचं विमान, व्हिसाची भेट, मुलाचा प्रवेश, मोठ्या डॉक्टरची दुसऱ्या दिवशीची वेळ, असा एक मुक्काम वर्षातून बहुतेक घरांना पडतोच. कंपन्यांच्या पाहुण्यांमुळे शहरातल्या हॉटेलांचे भाव सोमवार ते गुरुवार चढे आणि शनिवार-रविवारी उतरलेले असतात. थंड हवेच्या ठिकाणी नेमकं उलटं. त्यामुळे मधल्या वारी पुण्यात राहायचं असेल तर अवॉर्ड काढा, शनिवारी जायचं असेल तर आधी रोख भाव बघा. कोर्टयार्ड, फेअरफील्ड, फोर पॉइंट्स ही मॅरियटच्या हॉटेलांची नावं १५,००० च्या मर्यादेत बऱ्याचदा बसतात. पुण्यातलं रिट्झ-कार्लटन किंवा जुहूचं जेडब्ल्यू मॅरियट डोळ्यांसमोर ठेवून कार्ड घेऊ नका. गोव्यात हणजुण्याचं फेअरफील्ड, कोलव्याचं कोर्टयार्ड यांच्याकडे हंगाम सोडून बघावं. मर्यादेपेक्षा थोडा जास्त भाव असेल, समजा १८,०००, तर वरचे ३,००० पॉइंट आपल्या खात्यातून घालता येतात. एवढ्यासाठी तरी थोडे पॉइंट शिल्लक ठेवावेत.

मोफत रात्रीत काय येत नाही हे आधी माहीत असू द्या, म्हणजे निघताना काउंटरवर वाद होणार नाहीत. नाश्ता येत नाही. खोली साधारण दोघांची धरलेली असते. सोबत आई-वडील किंवा मोठी मुलं असतील तर जादा माणसाचे आणि जादा गादीचे पैसे लागतात, म्हणून बुकिंग करतानाच खरी माणसं आणि मुलांची वयं टाका. अशा हॉटेलात जेवणावरही बहुतेक ठिकाणी १८ टक्के जीएसटी असतो. चार जणांनी रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तिथेच घेतला तर फुकटच्या रात्रीचं बिल सहज चार आकड्यांत जातं. खोली फुकट असली तरी येताना कार्डावर अनामत रक्कम अडकवतात आणि ती सुटायला काही दिवस जातात, तेव्हा कार्डाची मर्यादा काठावर ठेवून जाऊ नका. अवॉर्ड दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. ज्याचं खातं आहे त्याने स्वतः राहायला हवं.

पॉइंटचं गणित साधं आहे. दर १५० रुपयांना मॅरियटच्या हॉटेलात ८ पॉइंट, प्रवास, बाहेरचं जेवण आणि करमणुकीवर ४, बाकी सगळीकडे २. साठ पैशांच्या भावाने हे अनुक्रमे ३.२, १.६ आणि ०.८ टक्के झाले. हिशेब प्रत्येक व्यवहारातल्या पूर्ण १५० वर होतो. १४० रुपयांच्या खरेदीला शून्य, २९० ला दोनच पॉइंट. पेट्रोल, वॉलेट भरणं, घरभाडं, ईएमआयवरची खरेदी यांना काही मिळत नाही, आणि ॲपमधून भाडं भरलं तर एक टक्का शुल्क वर लागतं.

सांगलीत अडचण पॉइंटच्या दराची नाही, कार्ड चालण्याची आहे. हे कार्ड व्हिसा किंवा रुपेच्या नाही, तर डायनर्स क्लबच्या जाळ्यावर चालतं, आणि यूपीआयला फक्त रुपे क्रेडिट कार्ड जोडता येतं. गणपती पेठेतला किराणा, विश्रामबागचं मेडिकल, भाजी, चहा, रिक्षा सगळीकडे क्यूआर चिकटवलेला आहे आणि तिथे हे कार्ड कामाचं नाही. घरातला अर्धाअधिक खर्च इथेच बाजूला पडतो. जिथे मशीन आहे तिथेही आधी विचारा, 'डायनर्स चालतं का?' एचडीएफसीच्या मशीनवर अडचण येत नाही, दुसऱ्या बँकेच्या काही मशीन ते नाकारतात. सराफाकडे कार्डावर दीड-दोन टक्के जादा सांगतात. ०.८ टक्क्यांसाठी ते देणं म्हणजे चक्क नुकसान. मग उरतं काय? ऑनलाइन खरेदी, मोठी सुपरमार्केट, विमानाची तिकिटं, मोबाइल-इंटरनेटची बिलं, आणि कधी वेळ आलीच तर मिरजेतल्या हॉस्पिटलचं बिल. नोकरदार घरात हे महिन्याला २०–२५ हजारांच्या वर जात नाही, म्हणजे वर्षाला फार तर तीन लाख. दुसरं एखादं रुपे किंवा व्हिसा कार्ड खिशात लागतंच.

हे समजलं की मोठ्या टप्प्यांच्या जाहिरातीकडे नीट बघता येतं. कार्डाच्या वर्षात सहा लाख खर्चावर एक जादा रात्र, नऊ लाखांवर दुसरी, पंधरा लाखांवर तिसरी, प्रत्येक १५,००० पॉइंटपर्यंतची. वर्ष कार्ड मिळाल्याच्या तारखेपासून मोजतात, जानेवारी किंवा एप्रिलपासून नाही. शून्य ते सहा लाखांत ८,००० पॉइंटचे ४,८०० आणि रात्रीचे ६,००० मिळून १०,८०० होतात, म्हणजे १.८ टक्के. सहा ते नऊ या तीन लाखांत मात्र २,४०० अधिक ६,००० असे ८,४०० मिळतात, म्हणजे २.८ टक्के. या कार्डावरचा सगळ्यात फायद्याचा पट्टा हाच. नऊ ते पंधरा पुन्हा १.८. पाच लाख नव्वद हजारांवर थांबलेल्याला मात्र साधे ०.८ टक्केच मिळाले. तेव्हा वर्षातले आठ-नऊ महिने झाले की एकदा आकडा बघा. साडेपाच लाखांवर असाल तर विम्याचा हप्ता किंवा ठरलेली खरेदी आधी करून सहा गाठा. तीन-साडेतीनवर असाल तर नाद सोडा आणि पुढचा खर्च जास्त परतावा देणाऱ्या कार्डावर न्या. टप्प्यासाठी नको ती खरेदी करणं, किंवा बिल मागे ठेवून महिन्याला साडेतीन टक्क्यांहून जास्त व्याज भरणं, यात सगळी मिळकत एका फटक्यात जाते.

सरसकट एक टक्का कॅशबॅक देणाऱ्या, बिनफीच्या कार्डाशी तुलना करून बघितली. वर्षाला तीन लाख खर्च असेल तर कॅशबॅक ३,०००. या कार्डावर ४,००० पॉइंटचे २,४०० आणि अवॉर्डचे ६,०००, त्यातून फी वजा केली की उरतात ४,८६०. हे कार्ड पुढे आहे, पण थोडंच. तोच अवॉर्ड न वापरता संपला तर हिशेब उणे १,१४० वर येतो. सहा लाख पूर्ण झाले आणि दोन्ही रात्री वापरल्या तर १३,२६० विरुद्ध ६,०००. गंमत अशी की लाखभरच खर्च केला आणि रात्र वापरली तरी सुमारे ३,२६० हातात राहतात. म्हणून मी कमी खर्च करणाऱ्यालाही हे कार्ड सुचवतो, आणि वर्षभर गाव न सोडणाऱ्या जास्त खर्चिक माणसाला सुचवत नाही.

सिल्व्हर दर्जाचं फार कौतुक नको. मुक्कामावर दहा टक्के जादा पॉइंट आणि खोली मोकळी असेल तर थोडा उशिरा चेकआउट, एवढंच. फुकट नाश्ता प्लॅटिनम दर्जापासून सुरू होतो आणि त्याला ५० रात्री लागतात. दर्जासाठी मोजायच्या दहा रात्री कार्ड दरवर्षी खात्यावर टाकतं, त्या फुकट राहायच्या नव्हेत. नोकरीमुळे पुण्या-मुंबईत वर्षाला पंधराएक रात्री मॅरियटमध्येच काढणाऱ्याला २५ रात्रींचा गोल्ड दर्जा त्यामुळे जवळ येतो. त्या रात्री मात्र हॉटेलच्या ॲपवरून किंवा वेबसाइटवरून बुक केलेल्या हव्यात. प्रवासी साइटवरून घेतलेल्या मुक्कामाला ना पॉइंट, ना रात्र. देशात आणि परदेशात प्रत्येकी १२ लाउंज भेटी आहेत, पुण्याहून उडणाऱ्याला चांगल्या. परदेशात स्वाइप करू नका: परकीय चलनावर बँकेचं साडेतीन टक्के जादा शुल्क (मार्कअप) आणि त्यावर जीएसटी, मिळून ४.१३ टक्के.

अर्ज करताना एक काळजी घ्या. बँकेत नाव तीन पदरी असतं, मधे वडिलांचं किंवा नवऱ्याचं, आणि बॉनवॉयवर आपण दोनच पदं टाकतो. नाव, मोबाइल, ईमेल दोन्हीकडे अक्षरशः सारखं ठेवा आणि जुना सदस्य क्रमांक अर्जातच द्या. नाहीतर दुसरं खातं उघडलं जातं आणि पॉइंट तिकडे साठत राहतात. तसं झालं तर मॅरियटच्या ग्राहक सेवेकडून दोन्ही खाती एक करून घ्यावी लागतात.

अवॉर्ड फीचं बिल आल्या दिवशी दिसत नाही, खात्यावर यायला काही आठवडे जातात. आला की त्याची मुदत लगेच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, दोन महिने आधीच्या आठवणीसह. मुदत दिल्यापासून एक वर्ष, आणि त्या आत राहून झालं पाहिजे, नुसतं बुकिंग करून भागत नाही. पॉइंटना एवढी घाई नसते, कारण ते बँकेकडे नसून हॉटेलच्या खात्यात असतात आणि कार्ड बंद केलं तरी राहतात. फक्त सलग २४ महिने काहीच हालचाल झाली नाही तर जातात. नवरा-बायकोने एकमेकांना पॉइंट पाठवता येतात, पण तेवढ्याने ही मुदत वाढत नाही. त्यासाठी कमावलेले किंवा खर्चलेले पॉइंटच लागतात.