पाणी गढूळ करून दाखवणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा

14,499 रुपये. पाणी शुद्ध करायचं आरओ मशीन म्हणून दारावर आलेल्या दोन पोरांनी माझ्याकडून एवढे उकळले. आकडा आधीच लिहून टाकते, कारण नातेवाइकांत सांगताना मी तो 'दहाएक हजार' असा कमी करत आले आणि आता त्याचीच चीड येते. लाज वाटायची ती त्या पोरांना वाटू दे.

बेळगाव शहराला राकसकोप आणि हिडकल अशा दोन्ही धरणांतून पाणी येतं, तरी आमच्या वडगावच्या घराला विहिरीशिवाय चालत नाही. विहिरीचं पाणी आणि त्याला साधा जुना फिल्टर, इतकी वर्षं आम्ही तेच पितोय. दुपारी घरात मी आणि सासूबाई दोघीच असताना दोन पोरं आली. गळ्यात ओळखपत्र, शर्टावर कंपनीचं नाव. "फ्री चेकिंग आहे काकू, एक रुपया द्यायचा नाही." बोलणंही इथलंच, त्यामुळे परक्याचा संशय यायचं कारण नव्हतं.

दोन ग्लास मागितले. एकात आमच्या फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बॅगेतल्या बाटलीचं. चार सळयांचं एक यंत्र दोन्ही ग्लासांत बुडवून बटण दाबलं. मिनिटभरात आमचं पाणी पिवळं, मग मातकट झालं आणि वर काळपट हिरवा फेस आला. त्यांचं होतं तसंच. "हेच पिताय की हो तुमी! घरात कुणाला मुतखडा हाय काय?" सासूबाईंचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. मी काय म्हणणार?

ती घाण पाण्यातली नव्हतीच. त्यातल्या काही सळया लोखंडाच्या असतात. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज जाते, लोखंड झिजतं आणि त्याचा गंज पाण्यात उतरतो. त्यांच्या बाटलीत होतं तसल्या आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात, म्हणून त्याला काही होत नाही. सायन्सला असलेल्या भाच्याने नंतर घरी करून दाखवलं. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकलं आणि तेही तसंच गढूळ झालं. पुढे कुणी हे यंत्र घेऊन आलं तर आधी मिठाचा डबा काढा.

पण माझ्या डोक्यातून जात नाही तो क्षण वेगळाच. त्यातल्या एकाने पेनासारखा मीटर आमच्या पाण्यात घातला, आकडा आला 212. "दोनशे बारा! विष हाय हे काकू." मी तो आकडा माझ्या डोळ्यांनी बघितला. पिण्याच्या पाण्याच्या सरकारी मानकात, आयएस 10500 मध्ये, टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, 500 पर्यंत चांगला धरतात आणि दुसरी सोय नसेल तर 2000 पर्यंत चालतो. म्हणजे क्षारांच्या बाबतीत आमचं पाणी उत्तम आहे हे त्याचाच मीटर सांगत होता, माझ्या ओट्यावर, माझ्यासमोर! ग्लास धुताना फडक्याला तांबडा गंज लागला, तोही बघितला. पण 500 चा आकडा कुणाच्या घरात पाठ असतो, सांगा. सासूबाई शेजारी पोट धरून बसलेल्या असताना मी मानकं शोधत बसणार होते काय?

त्यांचं आरओ मशीन 13,500 चं. जुन्या फिल्टरचे 1,500 वजा करून 12,000. त्यातले 5,000 लगेच फोनपेवर घेतले. नाव कंपनीचं नाही, कुणा माणसाचं आलं. 'आमच्या सरांचं खातं' म्हणाले. बसवताना 7,000 रोख, आणि वर्षाच्या सर्व्हिसचे म्हणून 2,499. चांगला चालणारा फिल्टर उचलून नेला तो गेलाच. पावसाळा संपायच्या आत मशीनचं पाणी बंद झालं आणि त्यांचा फोनही. गल्लीतल्या मेकॅनिकने झाकण उघडलं, तर आत एकाही भागावर नाव नाही. असला जोडलेला माल चार-साडेचार हजारांत मिळतो म्हणाला.

बिल मी तेव्हा जपून ठेवलं होतं, पण वाचलं नव्हतं. पत्ता महाराष्ट्रातला आणि जीएसटी नंबर 29 ने सुरू होणारा. 29 हा कर्नाटकाचा, महाराष्ट्राचा 27. शिवाय अक्षरं चौदाच, असायला हवीत पंधरा. जीएसटीच्या साइटवर नंबर टाकून तो कुणाच्या नावावर आहे ते कुणालाही बघता येतं. पैसे द्यायच्या आधी बघा.

आता पोलिसांचं. अर्ज मराठीत होता, तो परत दिला, कन्नडमध्ये लिहून आणा म्हणाले. लिहवून नेला, तर "साहेब नाहीत, नाळे बर्री," म्हणजे उद्या या. साहेब भेटले तेव्हा म्हणाले, बिल महाराष्ट्रातलं आहे, तिकडे जा. तिकडे गेलो तर पैसे बेळगावात दिले, तिथेच तक्रार करा. अहो, चोराला सीमा आडवी येत नाही, आम्हालाच कशी येते? वर "तुम्ही राजीखुशीने पैसे दिलेत, वस्तू पण मिळालीय, मग फसवणूक कसली?" हे ऐकवलं ते वेगळंच. माझ्या मिस्टरांच्या वयाचा माणूस, खुर्चीत रेलून हसत बोलत होता. नवीन कायद्यात, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 मध्ये, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवून घ्यायची असं स्वच्छ लिहिलंय. ते वकिलाकडून कळलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. तुम्ही जाल तेव्हा कलमाचा आकडा लिहून न्या.

ग्राहक आयोगाचा रस्ताही वकिलांनीच सांगितला. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथल्याच जिल्हा आयोगात तक्रार करता येते, समोरचा कुठल्याही राज्यातला असो. 5 लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं. माझी तक्रार दाखल झाली आहे. 1915 ही ग्राहकांची हेल्पलाइन, तिथेही नोंद करा.

खानापूरहून नणंदेचा फोन आला, तिच्या गल्लीतही अशीच दोन पोरं फिरून गेलीत. तिथल्या किंवा निपाणीकडच्या कुणाकडे असंच 29 ने सुरू होणारं चौदा अक्षरांचं बिल असेल, तर ते फाडू नका. फोनपेची पावती आणि मशीनच्या आतले फोटो त्याला जोडा आणि मला कळवा. तक्रारीचा मसुदा मराठी आणि कन्नड दोन्हीत तयार आहे, फक्त नाव आणि रक्कम बदलायची आहे.