घरापासून कोठ्यापर्यंत वीज: हवेतून तार की जमिनीतून केबल?

घरामागच्या सांदवाडीत बैलांचा कोठा, कुटाराची खोली किंवा अवजारांचे शेड असले की आज ना उद्या तिथे वीज न्यावी लागते. ती नेण्याचे रूढ मार्ग दोनच आहेत: भिंतीपासून भिंतीपर्यंत हवेतून केबल ओढणे, नाहीतर चर खोदून आर्मर्ड, म्हणजे पोलादी तारांचे कवच असलेली, केबल जमिनीतून नेणे. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या घरी मी दोन्ही करून पाहिले आहे. हवेतली केबल सहा वर्षे होती आणि जमिनीतली गेली चार वर्षे आहे.

आमचे घर ते कोठा हे अंतर सुमारे 35 मीटर आहे. तिथे चार दिवे, एक पंखा आणि 2 अश्वशक्तीची कुट्टी मशीन चालते. 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल घेतली तर 10 अँपिअरला वाटेत तीन-साडेतीन व्होल्टच कमी होतात, आणि हा हिशेब मार्ग कोणताही निवडला तरी बदलत नाही. 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, हीही दोन्ही मार्गांत लागतेच, आणि ती कोठ्यात न लावता केबल जिथून निघते त्या घरातल्या बोर्डावर लावावी, म्हणजे वाटेतली केबलसुद्धा तिच्या पहाऱ्यात येते. एमसीबी, म्हणजे करंट फार वाढला की पडणारा स्विच, केबलला जळण्यापासून वाचवते. जनावराला ती वाचवत नाही. बैलाचे चारही पाय ओल्या जमिनीवर असतात आणि पुढच्या-मागच्या पायांत अंतर मोठे असते, त्यामुळे माणसाला नुसती झिणझिणी जाणवेल तेवढ्याने तो जागीच कोसळू शकतो.

हवेतल्या केबलचे गुण मी नाकारणार नाही. काम एका दिवसात होते, आमच्या अनुभवात खर्च निम्म्याहून कमी आला आणि बिघाड झालाच तर तो डोळ्यांना दिसतो. अंतर दहा-बारा मीटर असेल, मधे झाड नसेल आणि खालून गाडीवाट जात नसेल, तर कोणाला दुसरा मार्ग घ्या असे मी आग्रहाने सांगणार नाही.

आमच्याकडे मात्र वानरांनी निकाल लावला. फाल्गुनापासून वावरे रिकामी झाली की टोळी गावात उतरते, आणि अंगणातल्या निंबावरून कोठ्यावर जायला त्यांना आमची केबल सापडली. एकेक वानर लोंबकळत जाई तसा प्रत्येक वेळी कोठ्याच्या लाकडी आढ्यातला हूक थोडा ढिला होई. मी वायरमनला बोलावून केबलला आधार देणारी जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) तार तीनदा ताणून घेतली. चौथ्यांदा ती कधी उतरली ते आम्हाला कळलेच नाही. केबल टिनाच्या कडेवर टेकली आणि वाऱ्याने हलत राहून करवतीसारखी घासत गेली. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात रात्री आरसीसीबी पडली. वर केली तरी टिकेना. सकाळी शिडी लावून पाहिले तेव्हा वरचे आवरण आणि आतले इन्सुलेशन दोन्ही कापले गेले होते आणि नखाएवढ्या फटीतून तांब्याचे तंतू चकाकत होते. ते टिन ज्या लोखंडी अँगलवर बसले होते, त्याच अँगलला दोन्ही बैल साखळीने बांधलेले होते. पावसाने सगळे ओले होते म्हणून गळती जमिनीत उतरली आणि आरसीसीबीला ती कळली. कोरड्या दिवसांत टिनात वीज तशीच उतरून राहिली असती आणि पहिला हात किंवा पहिले खूर लागेपर्यंत काहीच कळले नसते. आमचे टिन आणि अँगल तोवर अर्थिंगला जोडलेले नव्हते, ही चूक माझी होती. शिवाय त्या जीआय तारेवर घरातले लोक ओले कपडे वाळत घालत, हेही मला त्या सकाळीच खऱ्या अर्थाने दिसले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर आम्ही चर खोदला. उन्हाळ्यात काळी जमीन टिकासालाही दाद देत नाही, म्हणून हे काम कार्तिकात, ओल असताना उरकावे. 75 सेंटिमीटर खोली घेतली, खाली-वर तीन-तीन इंच वाळू, त्यावर विटांचा थर आणि मग माती. आमच्या जमिनीला वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ताणून टाकलेली केबल तेव्हा ओढली जाते, म्हणून ती नागमोडी टाकली आणि दोन्ही टोकांना वेटोळे राखले. तीन कोअरची (आत तीन तारा असलेली) केबल घेऊन तिसरी कोअर अर्थसाठी ठेवली, आर्मर दोन्हीकडे ग्लँडमध्ये (केबलचे टोक आवळून धरणाऱ्या धातूच्या तुकड्यात) घट्ट बसवून अर्थला जोडले आणि जमिनीखाली एकही जोड ठेवला नाही. आर्मरमुळे घुशींची चिंता बरीच कमी झाली. बैलगाडी जिथून जाते तिथे केबल जाड पाइपातून नेली.

या मार्गाचाही त्रास आहे. बिघाड झाला तर तो शोधणे अवघड, आणि खरी भीती सब्बलीची: लग्नाच्या मांडवाची मेढ गाडणाऱ्याला खाली केबल आहे हे कोण सांगणार? आम्ही भिंतीपासूनची मापे टाकून नकाशा काढला आणि तो बोर्डाच्या दाराला आतून चिकटवला. जिथे वीतभर मातीखाली खडक लागतो तिथे चराचा हट्ट बहुधा परवडणार नाही. तिथे लोखंडी खांब देऊन, कुटार भरलेली ट्रॉली सहज जाईल इतक्या उंचीवरून आणि झाडांपासून दूर केबल न्यावी, हेच बरे. बाकी काळ्या जमिनीत, विशेषतः गावात वानरे असतील तर, मला जमिनीतलीच केबल अधिक भरवशाची वाटते. काम मात्र परवानाधारक माणसाकडूनच करून घ्यावे.

चार वर्षांत मला त्या चराकडे पुन्हा वळावे लागलेले नाही. महिन्यातून एकदा आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबतो, आणि उन्हाळ्यात माती अर्थिंगसाठी पुरलेल्या इलेक्ट्रोडपासून सुटते म्हणून दर आठवड्याला कोठ्यामागच्या अर्थिंगच्या खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओततो.