गिअरबॉक्स उघडलाच नाही आणि टॉर्क कन्व्हर्टर बदलल्याचं बिल लावलं, जुनी ऑटोमॅटिक असेल तर हे वाचा

जुनी ऑटोमॅटिक गाडी वापरणाऱ्यांनी हे जरा शेवटपर्यंत वाचा, कारण मला ज्या पद्धतीने गंडा घातला ती पद्धत गाड्यांची बऱ्यापैकी माहिती असलेल्या माणसावरही चालते.

माझ्या गाडीचं रनिंग 2 लाख किलोमीटरच्या पुढे गेलंय. त्रास असा होता की 60-70 च्या स्पीडला, अ‍ॅक्सिलरेटर हलकाच दाबलेला असताना, थोडा चढ लागला की गाडी रम्बलरवरून गेल्यासारखी थरथरायची, पाय काढला की लगेच बंद. चेक इंजिनची लाइट नाही, गिअर व्यवस्थित पडतायत, उभी असताना काही नाही. गॅरेजवाल्याला दाखवली तर तो माझ्यासोबत ट्रायलला आला आणि थरथर सुरू झाल्या झाल्या म्हणाला, साहेब, अ‍ॅक्सिलरेटर आहे तसाच धरा आणि डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं टेकवा, गाडी थांबेल इतकं नको. टेकवलं, थरथर गायब. सोडलं, थोड्या वेळाने परत सुरू. म्हणाला, बघा, कन्व्हर्टर (म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधला, ऑइलमधून ताकद पुढे देणारा भाग) गेला, आता चालवाल तर अख्खा गिअरबॉक्स जाईल.

ही टेस्ट खोटी नाही बरं का, म्हणूनच ती इतकी पटते. स्पीड स्थिर झाला की टॉर्क कन्व्हर्टरच्या आतला क्लच लॉक होतो, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडले जातात, आणि ब्रेकचा स्विच लागला की कॉम्प्युटर ते लॉक सोडतो. क्लचचं अस्तर झिजलं असेल किंवा ऑइल खराब झालं असेल तर लॉक होताना क्लच पकडतो-सुटतो, पकडतो-सुटतो, आणि तीच थरथर. पण इंजिन मिसिंग (मिसफायर) करत असेल, म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल, तरीसुद्धा अगदी हेच होतं! लॉक सुटलेला असताना मधलं ऑइल इंजिनचे झटके गिळून टाकतं, लॉक झाला की तेच झटके सरळ सीटपर्यंत येतात. म्हणजे ब्रेक टेकवल्याने फक्त एवढंच कळतं की थरथर लॉक असताना जाणवते, ती करतंय कोण हे त्यातून कळत नाही. गॅरेजवाल्याने मला अर्धीच गोष्ट सांगितली, आणि पुढे जे झालं त्यावरून ते अज्ञानातून नव्हतं असं माझं स्पष्ट मत आहे.

गाडी परत मिळाली तेव्हा सांगितलं कन्व्हर्टर बदलला, ऑइल नवीन भरलं, आणि कोपऱ्यात पडलेला एक तेलकट कन्व्हर्टर दाखवला की हा तुमचा जुना. बिलावर एकाच ओळीत 'गिअरबॉक्स काम', पार्ट नंबर नाही, ऑइलचा ग्रेड नाही, किती लिटर ते नाही. आणि थरथर जशीच्या तशी. फोन केला तर म्हणे नवीन पार्ट आहे, कॉम्प्युटर शिकतोय, चालवत राहा. आता असं आहे की काम झाल्यावर कॉम्प्युटर क्लचचं प्रेशर नव्याने जुळवून घेतो हा प्रकार खरंच असतो, म्हणजे परत अर्धं खरं सांगून वेळ काढला. नंतर नंतर तर फोनच उचलेनात.

दुसऱ्या मेकॅनिकने आधी गाडीला हातच लावला नाही, स्कॅनर लावून चालवायला सांगितलं आणि लाइव्ह डेटा बघत बसला. एरर कोड काहीच नव्हते, पण मिसफायर थोडे असतील तर लाइट न लागताही कॉम्प्युटर ते मोजत असतो, आणि बऱ्याच गाड्यांत ते सिलिंडरप्रमाणे दिसतं. गाडी थरथरली की 3 नंबरचा आकडा वाढायचा, बाकीचे शून्य. त्याच वेळी कन्व्हर्टरची स्लिप, म्हणजे इंजिनचा आरपीएम आणि गिअरबॉक्समध्ये जाणारा आरपीएम यातला फरक, जवळजवळ शून्यावर स्थिर. क्लचच थरथरत असता तर हा आकडा वरखाली नाचला असता. मग त्याने 3 नंबरची इग्निशन कॉईल (प्लगला ठिणगीसाठी करंट देणारी) 2 वर लावली आणि 2 ची 3 वर, परत चालवली, तर मिसफायर 2 नंबरवर आला. इथे विषय संपला. कॉईल खराब. ही अदलाबदल स्टार्टर दाबण्याइतकी सोपी नसली तरी कुठल्याही बऱ्या मेकॅनिकला पटकन जमते आणि तिला वेगळा पार्ट लागत नाही, म्हणून गिअरबॉक्सचं नाव काढायच्या आधी ती करायलाच लावा.

मग गाडी वर घेतली. खरं तर मला सगळ्यात जास्त चीड इथे आली. कन्व्हर्टर काढायचा म्हणजे गिअरबॉक्स इंजिनपासून सोडवावाच लागतो, दुसरा रस्ता नाही. आणि त्या जोडाचे बोल्ट बघितले तर डोक्यांवर वर्षानुवर्षांचा तेल आणि धुळीचा वाळलेला थर, नखाने खरवडावा लागेल असा, जोडाच्या रेषेवरून अखंड गेलेला. पाना लागल्याची एक खूणही नाही. खालचं छोटं कव्हर काढून आत बघितलं तर माझ्या कन्व्हर्टरला 6 बोल्ट, आणि त्यांनी मला दाखवलेल्या 'जुन्या'चा मी फोटो काढून ठेवला होता, त्याला 4. दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा! ऑइल काढलं तर ते काळपट तपकिरी, करपल्याच्या वासाचं.

कॉईल आणि सगळे प्लग बदलले, थरथर पूर्ण गेली. ऑइलही बदलून घेतलं, कंपनीने मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, नुसतं ड्रेन करून भरायचं, कारण एका वेळी सगळं निघत नाही, बरंच कन्व्हर्टरमध्ये राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून परत एकदा करायचं.

तुमच्याकडे असं काम निघालं तर गाडी देण्याआधी त्या जोडाच्या बोल्टांवर मार्करने खूण करून फोटो काढा, जुना पार्ट बिलासोबत ताब्यात घ्या आणि बोल्टची जागा, आकार स्वतः जुळवून बघा. लाइव्ह डेटाचा फोटो मागा, आणि स्कॅनर न लावता फक्त ब्रेकच्या टेस्टवर गिअरबॉक्स उघडायचं म्हणत असेल तर चावी परत घ्या.

त्या गॅरेजला बोल्टांचे फोटो आणि दुसऱ्या मेकॅनिकचा लेखी रिपोर्ट दाखवल्यावर कन्व्हर्टरचे पैसे परत दिले. लेबर आणि न भरलेल्या ऑइलचे अजून दिलेले नाहीत, तेवढ्यासाठी लेखी तक्रार केली आहे.