सांगलीतल्या लोकरवाल्या काकांचं दुकान: बाळंतविडा घरी करणार असाल तर आधी इथे जा

हा रिव्ह्यू मी खरं तर गेल्या जुलैतच लिहायला हवा होता, पण तेव्हा हात मोकळे नव्हते, आता बाळ साडेसात महिन्यांचं झालंय, दुपारचं दीड तास सलग झोपतंय, तर तेवढ्यात लिहून टाकते.

सांगलीत कापड पेठेकडून हरभट रोडला येताना मधल्या बोळात हे दुकान आहे. बोर्डवर नाव आहे पण ते कुणी घेत नाही, लोकरवाले काका म्हटलं की पेठेतला कुणीही बोट दाखवतो. जागा एवढीशी, समोर काऊंटर, मागे छतापर्यंत फळ्या. लोकर, क्रोशाचा दोरा, सुया, लेस, बटणं, नाड्या, इलॅस्टिक, मलमल, होजिअरी, थोडे खण. म्हणजे अर्धं लोकरीचं दुकान आणि अर्धं मॅचिंग सेंटर. माझ्या जन्माच्या वेळी आईने पांढरं टोपडं विणलं होतं ते इथल्याच लोकरीचं, अजून ट्रंकेत आहे आणि अजून मऊ आहे.

मी सासरी साताऱ्याला असते, दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी आले. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं आणि दुसऱ्याच दिवशी आईला घेऊन दुकानात गेले. मोबाईलमध्ये पंचवीस-तीस फोटो सेव्ह केलेले, त्यातलं मला करायचं होतं ते म्हणजे जाड मखमली लोकरीचं मोठं ब्लँकेट आणि अस्वलाचे कान असलेली टोपी, सेट. ऑनलाईन कार्टमध्येसुद्धा टाकून ठेवलेलं पण हात लावून बघितल्याशिवाय मला लोकर घेववत नाही. काकांना फोटो दाखवला. त्यांनी लोकर काढलीच नाही, आधी विचारलं, "पोरी, तारीख कधीची दिलीय?"

म्हटलं जुलैची.

"आषाढात व्हय. मग ही लोकर कशाला घ्यायलीस? सासर कुठलं?"

सातारा म्हटल्यावर काका म्हणाले, "मग असं कर, आत्ता सुती घे. दिवाळीला साताऱ्याला जाशील तवा थंडी लागंल, तवाच्या मापाची टोपी आत्ता विणून ठेव. जन्मल्या बाळाच्या मापाची लोकरीची टोपी आषाढात कोण घालतंय, आणि दिवाळीला ती डोक्यात जायची न्हाई."

मी पहिलीच्या वेळी नेमकं हेच केलेलं. ती मे महिन्यातली. तिच्यासाठी लोकरीचा अख्खा सेट विणला, स्वेटर, टोपी, मोजे, बारशाला फोटोपुरता घातला आणि पोरगी घामाने भिजून रडायला लागली, परत कधी घातला नाही. तीन महिने रात्री जागून केलेलं काम कपाटात राहिलं, त्याचं किती वाईट वाटतं हे विणणाऱ्या बाईलाच कळतं. तेव्हा मी लोकर दुसरीकडून घेतली होती आणि बाळ कधी होणार हे तिथं कुणी विचारलं नव्हतं. म्हणून या दुकानाचं मला एवढं वाटतं. सहज दीड-दोन हजाराचं बिल झालं असतं ते काकांनी निम्म्यावर आणलं, आणि गिऱ्हाईक सोडल्याचं जराही वाईट वाटून घेतलं नाही.

मग मी मखमली लोकर हातात घेऊन म्हटलं पण ही किती मऊ आहे, रॅपरवर बेबी असंही लिहिलंय. काकांनी तीन धागे तोडले, एक त्या लोकरीचा, एक सुती, एक खऱ्या लोकरीचा, दुकानाबाहेर पायरीवर आले आणि काडी लावली. सुती धागा कागदासारखा जळला, हातात मऊ राख. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास आला आणि ती चटकन विझली. मखमली धागा जळताना वितळत आखडत गेला, टोकाला काळा कडक मणी झाला, गार झाल्यावर नखाने दाबला तर फुटेना. काका म्हणाले, बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते, धुरी असते, ठिणगी उडाली तर हा मणी बाळाच्या अंगाला चिकटतो. आई गप्पच झाली, कारण आमच्याकडे शेक-शेगडी करायचीच होती. बेबी नावाने मिळणारी बरीचशी लोकर ॲक्रेलिकची, म्हणजे कृत्रिम धाग्याचीच असते हे मला माहीत होतं, पण शेगडी आणि ॲक्रेलिक हे दोन्ही एका खोलीत येणार हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. (शेगडीसुद्धा आम्ही नंतर खोलीबाहेरच ठेवली, डॉक्टरांनी धूर बाळाजवळ नकोच म्हणून सांगितलेलं.)

शेवटी घेतलं काय, तर ५ मीटर पांढरी मलमल, २ मीटर होजिअरी, बंदांसाठी सुती नाडी, दुपट्यासाठी पिवळा आणि क्रीम सुती दोरा, ३.५ मिमीची क्रोशाची सुई, आणि कुंचीसाठी खण.

मलमलीबद्दल एक सांगते. वहिनींनी म्हणजे काकांच्या सुनेने कापड फाडतानाच सांगितलं की आधी गरम पाण्यातून काढा, वाळवा, मग कातर लावा. मी मापून बघितलं, मीटरमागे दोन बोटं आटली. न धुता झबली शिवली असती तर पहिल्या धुण्यात काखेत बसली असती. झबली सगळी पुढून बंदांची केली, डोक्यातून घालायची एकही नाही, कारण नवीन बाळाची मान धरवत नाही आणि नाळ पडेपर्यंत बेंबीवर काही घासलेलं चालत नाही. शिवण बाहेरच्या बाजूला. दिसायला झबलं उलटं घातल्यासारखं दिसतं, येणारी प्रत्येक मावशी-काकू सांगायची अगं उलटं घातलंयस, पण आतून हात फिरवून बघा, एक कड लागत नाही.

कुंचीवर मात्र मी जीव लावून बसले. खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा, गर्द जांभळा, लाल काठ. काकांकडे खणाचे प्रकार फार नाहीत, सात-आठच, पण त्यांनी प्रत्येक उलगडून उलट्या बाजूने दाखवला, कारण बाळाला लागते ती उलटी बाजू. काठाचे धागे मागून खरखरीत असतात. म्हणून आतून मलमलीचं पूर्ण अस्तर, तेसुद्धा कपाळापाशी अर्धा इंच बाहेर वळवून, म्हणजे कपाळाला खण टेकतच नाही. झालर पाठीपर्यंत सोडली. मी टिकल्या आणि मोती लावणार होते, वहिनींनी लेस काढून दिली आणि म्हणाल्या मोती तुटला तर तोंडात जातो ताई, काठाला धाग्याचा गोंडाच लावा, तो पण आतून गाठ मारून. गोंडे माझ्या मोठीने केले. पाच वर्षांची आहे. बाळ येणार म्हटल्यापासून ती चिडचिडी झालेली, सगळे बाळाचंच बोलतात म्हणायची. तिला जेवायचा काटा दिला, त्यावर दोरा गुंडाळायचा, मधे घट्ट बांधायचा, कडा कापायच्या, की झाला गोंडा. पहिले सहा वाकडेतिकडे झाले, सातवा असा गोल आला की रात्री उशीखाली घेऊन झोपली. बारशाला पाळण्यात घालताना कुंची मीच घालणार म्हणून हट्ट धरला आणि घातली, आणि प्रत्येकाला ओढत नेऊन सांगितलं की हा गोंडा मी केलाय. ते दोन्ही गोंडे मी आता कुंचीवरून काढून तिच्या डब्यात ठेवलेत.

बाळ जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात झालं, मुलगा. बाहेर धो धो पाऊस आणि घरात लंगोट. ज्यांनी पावसाळ्यात बाळंतपण काढलंय त्यांना सांगायला नको. तीन डझन लंगोट केलेले, आईच्या जुन्या सुती साड्यांचे आणि उरलेल्या मलमलीचे, तरी रात्री संपायचे. दोऱ्या स्वयंपाकघरात, दोऱ्या जिन्यात. रोज सकाळी बाबा दोनच गोष्टी विचारायचे, बाळ झोपलं का आणि कृष्णेवरच्या इर्विन पुलाला पाणी किती फूट. सांगलीकरांचं हे असंच आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये धोक्याची पातळी ४५ फुटांची असताना पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, तेव्हा या दुकानातही शिरलं होतं. काकांनी भिंतीवर खडूने रेघ मारून ठेवलीय, माझ्या खांद्याच्या वर येते. तेव्हापासून खालच्या दोन फळ्यांवर फक्त सुया, बटणं, धुऊन वापरता येईल असा माल, लोकर आणि कापड सगळं वर. म्हणून काही मागितलं की शिडी लावावी लागते आणि वेळ लागतो, त्यावर कुणी कुरकुर करू नका.

आता तक्रार. सव्वा महिना आजीने मला सुई धरू दिली नाही, डोळ्यांना ताण नको म्हणून. नंतर दुपटं परत हातात घेतलं तर पिवळा दोरा दोन गुंडे कमी पडला. मला बाहेर पडता येईना, म्हणून फोटो पाठवला आणि रिक्षावाल्या दादांकडून दोरा मागवला. काका त्या दिवशी नव्हते, वहिनींनी पाठवला. रात्रीच्या लाईटमध्ये सारखाच दिसला, मी सहा ओळी विणल्या, सकाळी खिडकीत नेलं तर सरळ पट्टा दिसतोय, एक पिवळा लिंबाचा आणि एक हळदीचा. लॉट नंबर वेगळा. कंपनी तीच, शेड तोच, पण रंगवलेली खेप वेगळी. फोटोवरून हे कळत नाही, पण पाठवताना रॅपरवरचा नंबर विचारायला हवा होता, आणि दुकानात इतकी वर्षं काढलेल्या माणसांकडून मला ते अपेक्षित होतं. मी रडले पण. बाळंतिणीला रडू पटकन येतं हे खरं, तरी कारण खोटं नव्हतं.

काकांना फोन केला तर ते म्हणाले चूक आमची. न फोडलेला गुंडा परत घेतला, फोडलेल्याचेही पैसे धरले नाहीत, पण जुन्या लॉटचा माल नव्हताच. मग म्हणाले, उसवताना अजून दहा ओळी मागे जा, तेवढा जुना दोरा हातात येईल, मग दोन ओळी जुन्याच्या दोन नव्याच्या अशा घालत जा, शेवटी क्रीमची कड. केलं. आता ज्याला माहीत नाही त्याला दिसत नाही, उलट मुद्दाम रंग चढवत नेल्यासारखं वाटतं. तरी तुम्ही घेताना एक गुंडा जास्तच घ्या आणि रॅपर फेकू नका. काका न फोडलेला गुंडा महिन्याभरात परत घेतात, कापलेलं कापड अर्थातच घेत नाहीत.

आणि दुपटं मी मांडीवर घ्यायला, उन्हात बसताना वापरते. झोपलेल्या बाळाच्या अंगावर सैल पांघरूण, उशी, खेळणी काही ठेवू नका असं आमच्या बाळाच्या डॉक्टरांनी सांगितलंय, राईची उशीसुद्धा नको म्हणाले, आणि ते मी पाळते. जाळीची वीण पण टाळली, बोटं अडकतात. हातमोजे-पायमोजे घालायच्या आधी उलटे करून आतले सुटे धागे बघायचे, एखादा धागा बोटाभोवती आवळला तर बाळ रडतं आणि आपल्याला कारण कळत नाही.

साताऱ्याच्या टोपीचं सांगायचं राहिलं. जन्मतः डोकं साधारण साडेतेरा इंच असतं, सहा महिन्यांना सतराच्या आसपास जातं, वीण ताणते म्हणून काकांनी सोळाचं माप धरायला सांगितलं. बारा खांबांनी (क्रोशाच्या उभ्या टाक्यांनी) सुरुवात, मग चोवीस, मग छत्तीस, असं वाढवत गोल पाच इंचाचा झाला की वाढवणं बंद आणि सरळ खाली. दोरा ४ प्लायचा म्हणजे चार पदरी, खऱ्या लोकरीचा, आतून होजिअरीची पट्टी. दिवाळीत साताऱ्याला आलो तेव्हा जरा सैल होती, कड दुमडून घातली, जानेवारीत अजिंक्यताऱ्यावरून वारं सुटलं की नेमकी कानांवर बसायची. सासूबाईंनी स्वतःहून विचारलं की लोकर कुठली.

बाकी दुकानात बसायला जागा नाही, पोट घेऊन उभं राहणं जड जातं, वहिनी आतून स्टूल आणून देतात पण मागावं लागतं. गाडी बोळात नेऊ नका. दुपारी दीड ते चार बंद. बाहेरदेशी ब्रँडची लोकर मिळत नाही. साध्या दोऱ्याचा भाव ऑनलाईनपेक्षा गुंड्यामागे पाच-दहा रुपये जास्त पडतो, मी देते. शनिवारी गर्दी असते, बुधवारी सकाळी गेलात तर काका निवांत भेटतात आणि टाका चुकला असेल तर काऊंटरवरच उसवून दाखवतात.

पाडव्याला माहेरी जाणार आहे. बाळाला आता उन्हाळ्याची झबली लागतील, बिनबाह्यांची, त्यासाठी तीन मीटर मलमल. मोठीला बाहुलीसाठी कुंची हवीय, तिला खण तिचा तिलाच निवडायचाय, काकांना विचारायला तिने प्रश्नही ठरवून ठेवलेत. टोपीच्या लोकरीचं रॅपर मी पर्समध्ये टाकलंय.