१५० एएच की २२०? इन्व्हर्टरची बॅटरी घेण्याआधी चार्जर बघा

दुकानात पहिला प्रश्न येतो, ‘किती बेडरूम?’ टू बीएचके म्हटलं की बोट सरळ २२० एएचच्या (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचं माप) बॅटरीकडे जातं. मोठी बॅटरी म्हणजे जास्त बॅकअप, हे अर्धंच खरं आहे. ती भरायला इन्व्हर्टरचा चार्जर तेवढा तगडा आहे का, हे क्वचितच कुणी सांगतं.

आधी गणित. तीन जुने पंखे, प्रत्येकी ७५ वॉट. २० वॉटच्या चार एलईडी ट्यूब. टीव्ही ८०, राउटर १०. झाले ३९५ वॉट. इन्व्हर्टर स्वतः पंधरा-वीस टक्के खातो, म्हणजे १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४० अँपिअर ओढले जाणार. बॅटरीवरचा १५० हा आकडा २० तासांच्या हिशोबाने छापलेला असतो, म्हणजे ७.५ अँपिअरने सलग २० तास. ४० अँपिअरने ओढलं की त्यातले शंभरेक एएचच हाती लागतात. बॅकअप अडीच तास, तोही बॅटरी नवी असताना. त्याच लोडवर २२० एएच साधारण चार तास चालेल.

आता २२० न घेता तीन पंखे ३० वॉटचे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या ब्रशलेस मोटरचे) लावा. लोड २६० वॉटवर येतो, करंट २६-२७ अँपिअरवर. सावकाश ओढल्यामुळे १५० एएचची बॅटरीही थोडी हात सैल सोडते आणि चार तास सहज निघतात. वर बारा महिने वीजबिल उतरतं ते वेगळंच. आमचा कौल पंख्यांना.

चार्जरचा नियम सोपा आहे: चार्जिंग करंट एएचच्या साधारण दहा टक्के हवा. १५० एएचला १५ अँपिअर, २२०ला २२. छोट्या इन्व्हर्टरचा चार्जर १० अँपिअरचाही असतो. भरताना वीसेक टक्के जास्त ओतावं लागतं, त्यामुळे पूर्ण उतरलेली २२० एएच अशा चार्जरवर भरायला दिवसापेक्षा जास्त वेळ घेते. तोवर पुन्हा लाइट जाते. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर सल्फेट घट्ट बसत जातं आणि दीड-दोन वर्षांत ‘बॅटरी खराब निघाली’ अशी तक्रार सुरू होते. बॅटरी चांगलीच होती, जोडी चुकली होती.

एकलहऱ्याला वीज तयार होते म्हणून नाशिकची लाइट जात नाही असं नाही. वळवाच्या वाऱ्यात तारेवर फांदी पडली की सिडको काय आणि गंगापूर रोड काय, सगळे सारखेच अंधारात. तरी शहरात हे बहुधा तास-दोन तासांचं असतं. त्यासाठी ९०० व्हीएचा साइनवेव्ह (घरच्या लाइटसारखीच वीज देणारा) इन्व्हर्टर, १५ अँपिअरचा चार्जर आणि १५० एएचची टॉल ट्युब्युलर (उंच, नळीच्या प्लेटांची बॅटरी) ही जोडी पुरे. (९०० व्हीए म्हणजे ९०० वॉट नव्हे, सातशेच्या आसपास धरा आणि त्यातही शंभर मोकळे ठेवा.) त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसाळी पट्ट्यात घर असेल आणि लाइट तासन्‌तास गायब राहत असेल, तर २२० घ्या, पण २० अँपिअरच्या वरच्या चार्जरसकट.

फ्रिज चालवायचा असेल तर प्रश्नच बदलतो. चालताना तो १५० वॉट घेतो, पण कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देतो. तिथे १,५०० व्हीएच्या आसपासचा, २४ व्होल्टचा इन्व्हर्टर आणि सिरीजमध्ये दोन १५० एएच. करंट निम्मा होतो, केबल कमी तापते. तोटा एवढाच की दोन्ही बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच एएचच्या आणि एकाच वयाच्या लागतात. एक गेली म्हणून जुनीसोबत नवी जोडली, तर जुनी लवकर उतरते आणि लवकर ‘भरते’. नवी कधीच पुरती भरत नाही.

प्रकारांत फ्लॅट प्लेट स्वस्त, पण रोजच्या उतार-चढावात तीनेक वर्षांत थकते. टॉल ट्युब्युलर पाच-सहा वर्षं काढते आणि पाणी कमी मागते. मेंटेनन्स फ्री बॅटरी पाण्याची कटकट नको असलेल्या फ्लॅटसाठी ठीक, पण तिला उष्णता अजिबात सोसत नाही. पश्चिमेच्या बाल्कनीत पत्र्याच्या पेटीत ठेवली तर मे महिन्यात तिचं आयुष्य निम्मं होतं. गाडीची बॅटरी मात्र विसरा. तिच्या पातळ प्लेटा क्षणभराच्या स्टार्टसाठी असतात.

इन्व्हर्टरच्या मागे बॅटरी-प्रकाराचं बटण असतं, ते बघून घ्या. ट्युब्युलरला १४.४ व्होल्टच्या आसपास चार्जिंग लागतं. सेटिंग खालच्या व्होल्टेजवर राहिली तर ती कायम उपाशी. उलट मेंटेनन्स फ्री बॅटरी ट्युब्युलरच्या सेटिंगवर टाकली तर आतून सुकते, आणि तिच्यात पाणी घालायची सोयच नसते.

बॅटरी बंद कपाटात नको, देवघराखाली तर मुळीच नको: चार्ज होताना हायड्रोजन सुटतो आणि वर समई तेवत असते. पाणी डिस्टिल्डच, फिल्टरचं किंवा एसीचं निथळलेलं चालत नाही. अॅसिड कधीच वरून घालू नका. टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी आली तर कनेक्शन काढून कोमट पाण्यात खायचा सोडा घालून पुसा, कोरडं करा, मग पेट्रोलियम जेली.

घरी बॅटरी आली आणि पूर्ण चार्ज झाली की दुकानदाराला सहाही सेलची ग्रॅव्हिटी (आतल्या अॅसिडची घनता) हायड्रोमीटरने दाखवायला सांगा. १.२४० च्या आसपास हवी. एखादा सेल ३० पॉइंटने (म्हणजे ०.०३०ने) खाली असेल तर बॅटरी तिथेच परत करा. वॉरंटी ६० महिने लिहिली असली तरी त्यातले मोफत बदलीचे किती आणि प्रो-राटाचे (वापराच्या प्रमाणात पैसे भरून बदलीचे) किती, हे कार्डावर वाचा, आणि विक्रीची तारीख व शिक्का समोर मारून घ्या.