पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) मुलाखतीचा सराव, कॅनडा कॉर्नर: पाच रविवार गेले पण त्या एका प्रश्नाचं उत्तर सापडलं

मी निफाड तालुक्यातली. मेन्स (मुख्य परीक्षा) निघाली, ग्राउंड (शारीरिक चाचणी) झालं, आता फक्त मुलाखत राहिलीये, ४० मार्कांची. ४० मार्क म्हणजे काय विशेष असं ज्यांना वाटतं त्यांनी एका मार्कानं यादीतून बाहेर राहिलेल्या पोरांना भेटावं, माझ्या रूमवरच एक आहे. म्हणून नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ एक रिटायर्ड पोलीस अधिकारी मुलाखतीचा सराव घेतात तिकडं पाच रविवार जाऊन आले, त्याबद्दल लिहितेय. नाव टाकत नाही कारण पुढं तक्रारी पण आहेत आणि सर बोर्ड वगैरे काही लावत नाहीत, आसपासच्या अभ्यासिकांमध्ये विचारलंत तर कुणीही सांगेल.

फी २,५०० रुपये, पाच बैठका, बॅचमध्ये आम्ही १४ जण. समोर तीन माणसांचं पॅनल, मधे सर. प्रत्येकाला २० मिनिटं आणि बाकीचे १३ जण मागं बसून ऐकणार. सुरुवातीला मला हे मागं बसून ऐकणं म्हणजे टाईमपास वाटला होता, खरं शिकले ते तिथंच.

तर तो प्रश्न. "तुमच्या कामात किंवा आयुष्यात कर्तव्यापलीकडे जाऊन काही केलंय असा एखादा प्रसंग सांगा." साधा वाटतो ना? मी नेटवर अमेरिकेतल्या पोलीस भरतीच्या मुलाखतींचे व्हिडिओ बघून तयारी केली होती, तिकडं हा प्रश्न ठरलेलाच असतो आणि उत्तर द्यायची ती स्टार पद्धत सांगतात, म्हणजे आधी परिस्थिती, मग तुमची जबाबदारी, मग तुम्ही काय केलं, मग काय झालं. त्या साच्यात मी एक उत्तर बसवून पाठ केलं होतं. नाशिकच्या सीबीएस बसस्टँडवर एक म्हातारी आजी चुकली होती, मी तिला गाडीत बसवून दिलं, तिच्या मुलाला फोन केला. प्रसंग खरा होता, उगाच खोटं नाही सांगत.

सरांनी शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाले, "ताई, तुम्ही उद्या पीएसआय झालात आणि हेच केलंत तर ते कर्तव्यापलीकडे होईल का?" मी हो म्हणाले. मग त्यांनी महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१ काढला आणि कलम ६६ मला मोठ्यानं वाचायला लावलं. रस्त्यावरच्या अपंग आणि असहाय माणसांना शक्य ती सगळी मदत करणं हे पोलिसाचं कर्तव्य आहे असं त्यात लिहिलंय. अटकेतला माणूस जखमी किंवा आजारी असेल तर त्याला मदत मिळवून देणं, झडतीच्या वेळी विनाकारण उद्धटपणा न करणं, बायका आणि लहान मुलांशी सभ्यतेनं आणि सौम्यपणे वागणं, हे सगळं त्याच कलमात. आणि कलम २८ मध्ये तर पोलीस कायमच ड्युटीवर आहे असं धरलंय. म्हणजे आम्ही १४ जण जे जे प्रसंग मोठेपणा म्हणून सांगायला आलो होतो त्यातले बरेचसे १९५१ पासून कर्तव्यच आहेत, पलीकडे वगैरे काही नाही. मी आजही उमेदवार आहे, पोलीस नाही, त्यामुळे माझ्या बाबतीत ते चालून गेलं असतं, पण पॅनलनं पुढचा प्रश्न टाकला असता तर मी तिथंच अडकले असते आणि त्या रविवारी अडकलेच.

माझ्यानंतर एका मुलानं सांगितलं की हद्द आपली नसली तरी मी तक्रार घेईन, लोकांना या स्टेशनवरून त्या स्टेशनला फिरवणार नाही. ऐकायला किती छान. सरांनी विचारलं, "यात तुमचं जास्तीचं काय?" १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झालीये आणि तिच्या कलम १७३ मध्येच आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा, असेल तर माहिती नोंदवून घ्यायची. झिरो एफआयआर आपण म्हणतो तो हाच. न घेणं ही चूक आहे, घेणं हा उपकार नाही.

आणि मग ज्या उत्तरावर अख्खी खोली गप्प झाली ते. एक मुलगा, तब्येतीनं दणकट, सांगत होता की कॉलेजच्या बाहेर एकजण मुलींची छेड काढायचा, मी त्याला पकडून दोन ठेवून दिल्या, परत दिसला नाही. आमच्यातल्या काहींनी मानसुद्धा डोलावली, खरं सांगायचं तर मीपण, कारण असा त्रास मी सोसलाय. सर म्हणाले, "हे कर्तव्यापलीकडे नाही, हे कायद्यापलीकडे आहे. वर्दी घालून हेच केलंत तर मला तुमची भीती वाटेल." त्या मुलाला त्यांनी झापलं नाही, अजिबात नाही, जवळजवळ पाव तास त्याच्याशी बोलत बसले की मुलीला तक्रार द्यायला धीर कसा द्यायचा, तिच्या घरी कळू नये अशी तिची इच्छा असेल तर काय करता येतं, कॉलेजच्या प्राचार्यांशी कसं बोलायचं, ११२ वर कॉल केला तर काय होतं. हे सगळं करायला चार दिवस लागतात आणि कुणी टाळ्या वाजवत नाही. दोन ठेवून द्यायला दोन सेकंद. मला त्या पाव तासाचे २,५०० वसूल वाटले.

बॅचमध्ये दोघंजण आधीच पोलीस शिपाई आहेत. त्यातल्या एका दादांनी लॉकडाऊनच्या बंदोबस्तातला प्रसंग सांगितला, झोपडपट्टीतल्या एका घरात किराणा संपला होता तर त्यांनी स्वतःच्या पगारातून भरून दिला, दोन महिने. ऐकून मला भरून आलं. सरांनी त्यांना शाबासकी दिली पण लगेच विचारलं की पोलीस ठाण्यात कुणाला सांगितलं होतं का, तुमची बदली झाली तर त्या घराचं काय. दादा म्हणाले नाही सांगितलं, चांगुलपणा मिरवायचा नव्हता. तर सरांचं म्हणणं असं की चांगलं काम लपवून केलं तर ते तुमच्यासोबत संपतं, वरिष्ठांच्या कानावर घातलं असतं तर रेशनचं काहीतरी कायमचं झालं असतं. मला हे पूर्ण पटलं नाही अजून. काही गोष्टी गुपचूपच कराव्या असं माझी आई म्हणते. पण मुलाखतीत हा प्रश्न येणार एवढं नक्की.

नाशिकचे उमेदवार म्हणजे २०२७ च्या सिंहस्थाबद्दल विचारणारच, त्याचाही सराव याच प्रश्नातून घेतला. समजा रामकुंडाकडं जाणाऱ्या रस्त्यावर तुमचा पॉइंट, म्हणजे बंदोबस्ताला उभं राहायची जागा, आहे, ड्युटी संपलीये, बदली माणूस आला नाही आणि एक बाई रडत आली की माझं पोरगं हरवलंय. आमच्यातल्या दहा जणांनी सांगितलं आम्ही पोरगं शोधायला धावू. चुकलं. पॉइंट सोडायचा नाही. २००३ च्या सिंहस्थात शाही स्नानाच्या दिवशी इथं चेंगराचेंगरी होऊन माणसं गेली, गर्दीत एक जागा मोकळी सुटली की काय होतं ते या शहरानं बघितलंय. वॉकीटॉकीवरून वर्णन द्यायचं, बाईला आपल्या शेजारीच थांबवायचं, आणि बदली येईपर्यंत हलायचं नाही, भले चार तास जास्त गेले तरी. तिथं थांबणं हेच जास्तीचं काम. हे उत्तर मला आधी कधीच सुचलं नसतं.

तुकाराम ओंबळेंचं नाव आम्ही बहुतेकांनी कुठं ना कुठं घातलं होतं. सरांनी एकेकाला विचारलं की त्यांचा हुद्दा काय, त्यांनी नक्की केलं काय. सहायक पोलीस उपनिरीक्षक, २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र, गिरगाव चौपाटी, हातात फक्त लाठी, आणि समोरच्याची एके-४७ त्यांनी हातानं धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या पण सोडली नाही, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र. निम्म्या जणांना हे धड सांगता आलं नाही. सर म्हणाले त्यांचं नाव घ्यायचं तर उभं राहून घ्या, उत्तराला शोभा यावी म्हणून नको, आणि प्रश्न तुमच्याबद्दल आहे हे विसरू नका.

मग माझ्याबद्दल काय सांगायचं हे शोधण्यात माझे तीन रविवार गेले. शेवटी निघालं ते असं की मी दीड वर्ष कांद्याच्या एका व्यापाऱ्याकडं हिशोबपट्ट्यांच्या (शेतकऱ्याला मालाचे किती पैसे द्यायचे ते लिहिलेल्या कागदांच्या) एंट्र्या करायचे, संध्याकाळी एक पट्टी बघताना काहीतरी खटकलं म्हणून मी काटापावतीची, म्हणजे वजनाच्या पावतीची फाईल मागून घेतली, तर पावतीवर २७.१० क्विंटल आणि पट्टीवर २१.७०. आकडे उलटे पडले होते. भाव होता १,८०० म्हणजे त्या शेतकऱ्याचे ९,७२० रुपये कमी गेले होते आणि तो ट्रॅक्टर घेऊन घरी पोचला पण असेल. माझं काम फक्त एंट्रीचं. मी आधी शेठना फोन केला, मग त्या शेतकरी काकांना, दुसऱ्या दिवशी पट्टी नवीन झाली आणि पैसे मिळाले. हे सांगण्यासारखं आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. सरांनी ऐकलं आणि पहिल्यांदा त्यांनी पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "शेठ नाही म्हणाले असते तर?" मी खरं तेच सांगितलं की मला भीती वाटली असती, नोकरीची गरज होती, पण पावतीची झेरॉक्स काकांना नक्की दिली असती. सर म्हणाले हे असंच सांगा, भीतीसकट.

आता तक्रारी. दहाची वेळ असते आणि एकदाही पावणेअकराच्या आधी सुरू झालं नाही, मी पहाटेची एसटी धरून येते हो. छापील नोट्समध्ये अजून जुन्या सीआरपीसीची (नागरिक सुरक्षा संहितेच्या आधीच्या कायद्याची) कलमं आहेत, एफआयआरला १५४ लिहिलंय, सर तोंडी नवीन सांगतात पण कागद तोच, नवीन मुलं तेच पाठ करतील. आणि सगळ्यात जास्त राग आला तो पॅनलवरच्या एका गृहस्थांचा. आम्हा चारही मुलींना त्यांनी लग्नाबद्दल विचारलं, लग्नानंतर रात्रपाळी कशी करणार, सासरचे नाही म्हणाले तर काय, आणि मुलांपैकी एकालाही नाही. मी बैठक संपल्यावर सरांना सरळ सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पुढच्या रविवारी ते गृहस्थ होते पण तो प्रश्न नव्हता. आधीच लक्षात यायला हवं होतं.

मुलाखतीचं रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर देतात, पेनड्राइव्ह आपला न्यायचा. ते घरी बघताना कळलं की मी उत्तर देताना खाली टेबलाकडं बघते, फक्त काट्याचा प्रसंग सांगताना वर बघत होते.

पाचपैकी चार स्टार. गाडी असेल तर लवकर या, रविवारीसुद्धा खाली पार्किंग मिळत नाही, नाहीतर सीबीएसला उतरून सरळ चालत या. आणि जाण्याआधी पाठ केलेलं उत्तर नेऊ नका, आपल्या जुन्या नोकरीतल्या, घरातल्या, गावातल्या चार-पाच खऱ्या गोष्टी कागदावर लिहून न्या, कितीही बारीक असल्या तरी. कुठली चालेल ते सर सांगतात.